ट्रायलचा निकाल

सोमवार, ९ जून २००३

कंपनीनं मला स्वेच्छानिवृत्ती दिली त्याला आज वर्ष झालं. स्वेच्छा कंपनीची, निवृत्ती माझी. एकविसाव्या वर्षी राज्य पातळीवर टेनिस खेळत होते म्हणून खेळाडूंच्या कोट्यात नोकरी लागली. पहिली पाच वर्षं कंपनीसाठी खेळले. पुढची चोवीस वर्षं पिंपरीच्या ऑफिसात टायपिंग केलं, आणि मी कधी खेळाडू होते हे कंपनी विसरून गेली.

आजपासून हडपसरला लाल मातीची दोन कोर्टं माझ्या ताब्यात आली. जागा हिंदुरावांची. त्यांचं निम्मं रान आयटी पार्कात गेलं. उरलेल्या रानात ऊस लावायची त्यांना हौस नाही. मुलगी तनुजा कॅम्पातल्या क्लबात टेनिस शिकत होती. रोज तिला तिकडे नेण्याचा कंटाळा आला, तेव्हा त्यांनी घरामागेच कोर्टं बांधून घेतली. लोक मुलांसाठी झोपाळा बांधतात.

करारमदार काही नाही. म्हणाले, "कागद कशाला, बाई? जागा माझी, शिकवणं तुमचं. पोरगी इंडियाकडनं खेळली पायजे, एवढंच माझं म्हणणं हाय."

ही वही तनुजाच्या प्रगतीच्या नोंदी ठेवायला आणली होती. पहिल्याच पानावर मी माझंच लिहीत बसले. असू दे. सदाशिव पेठेत दुसऱ्या मजल्यावर एकटीनं राहणाऱ्या बाईला कुणाशी तरी बोलावं लागतं, आणि वही उलट उत्तर देत नाही.

रविवार, २९ जून

तनुजाखेरीज आयटी पार्काजवळच्या सोसायट्यांमधून सहा जणी आल्या आहेत. एकेकीची रॅकेट माझ्या पहिल्या लुनापेक्षा महाग. पळायला मात्र एकीलाही येत नाही. म्हणून पेपरात दोन ओळी दिल्या, मुलींसाठी मोफत चाचणी. आज अकरा जणी आल्या. दहा जणींना आयांनी आणलं होतं, अकरावीला बापानं.

बापाचं नाव कोंडीराम. मूळचा बुलढाण्याकडचा, इथे हडपसरच्या एका कारखान्यात भट्टीवर काम करतो. राहतो पार विश्रांतवाडीला. मुलगी दीपमाला, बारा वर्षांची, पायांत शाळेचे कॅनव्हासचे बूट. रॅकेट तिनं आज पहिल्यांदा हातात धरली, आणि धरली ती डाव्या हातात.

"डावखुरी आहे का?" मी विचारलं.

"हो जी. मास्तरनं लय मारून पाह्यलं, पण हात काही बदलला नाही," कोंडीराम म्हणाला.

तीन बॉल तिनं कसेबसे परतवले. मग थांबून मला विचारलं, "मॅडम, बॉल नेटच्या अगदी जवळ टाकला तर चालतो का?" मी म्हटलं, चालतो. चौथा बॉल तिनं नेटपलीकडे हातभर अंतरावर अलगद सोडला. तिथे तो पडला आणि जवळजवळ उसळलाच नाही. चोवीस वर्षांत मी असं काही पाहिलं नव्हतं. अर्थात चोवीस वर्षं मी टाइपरायटरसमोर होते.

तिला फुकट शिकवायचं ठरवलं. कोंडीरामनं हात जोडले. मला कसंसंच झालं, पण बरंही वाटलं.

रविवार, २७ जुलै

तनुजाचा वाढदिवस. चौदा पूर्ण. हिंदुरावांनी केक थेट कोर्टावर आणला, त्यावर साखरेचं टेनिसचं नेट. मागच्या दिवाळीत सगळं घर सिंगापूरला जाऊन आलं होतं, ते फोटो आज पुन्हा सगळ्यांना दाखवून झाले.

तनुजा चांगली मुलगी आहे. उंच, मेहनती, सांगितलेलं ऐकणारी. सर्व्हिसमध्ये जोर आहे. फक्त समोरची पुढे काय करील हे तिला आधी कळत नाही. ते शिकवता येत नाही असं म्हणतात. मी शिकवीन.

तिनं आपले बूट दीपमालाला दिले. म्हणाली, "मला घट्ट होतात." होत नाहीत, मी रोज पाहते. दीपमालानं बुटांत पुढे कापूस कोंबला आणि त्यातच खेळली.

मंगळवार, १९ ऑगस्ट

पावसानं कोर्टं बंद. मुलींना शेडमध्ये बसवून मी माझी गोष्ट सांगितली. राष्ट्रीय ज्युनिअर स्पर्धेसाठी राज्यातून एक मुलगी दिल्लीला जायची होती. निवड स्पर्धा मी जिंकले. गेली राज्य संघटनेच्या सेक्रेटरींची भाची. मला सांगण्यात आलं, "मोठ्या स्पर्धेचं दडपण तुला झेपणार नाही." मी तेव्हा सतरा वर्षांची होते. चौतीस वर्षं झाली. त्या सेक्रेटरींच्या नावाचा दरवर्षी एक चषक देतात. त्या बातमीचं पान मी वाचत नाही.

तनुजानं विचारलं, "मग ती भाची जिंकली का?"

"पहिल्याच फेरीत हरली."

"तिला माहीत होतं का, की तुम्ही जिंकला होता?"

हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. मी म्हटलं, मला ठाऊक नाही. त्या मुलीचा विचार करायचं मला काय कारण?

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

दीपमाला जिल्हा स्पर्धेत उपांत्य फेरीपर्यंत गेली. चार महिन्यांच्या शिक्षणावर. तनुजा दुसऱ्या फेरीत हरली. हिंदुराव गाडीत बसून राहिले, खाली उतरले नाहीत.

संध्याकाळी कोर्टावर आले. रोलर कसा फिरतो ते बघत उभे राहिले, मग म्हणाले, "बिल्डर येऊन गेला काल. जागा रोडला लागून हाय म्हनतो. मी म्हनलं, पोरगी खेळती हितं. पोरगी खेळती तवर न्हाई."

मी म्हटलं, तनुजात दम आहे, वेळ लागेल.

"लागंल तेवढा लागू द्या. तुमच्यावर भरवसा हाय," म्हणाले. त्यांनी तिसऱ्या कोर्टाचा विषयही काढला. माणूस अडाणी वाटतो, पण खेळाची कदर आहे.

दीपमाला पहाटेच्या बसनं बापाबरोबर येते. स्टेशनवर बस बदलायची, मग हडपसर. तो कामावर जातो, ती खेळून परत शाळेला जाते. परवा तेरा पूर्ण झाली म्हणून पेढे घेऊन आली होती. तनुजाबरोबर तिची गट्टी जमली आहे. दोघी रोलरवर बसून एकाच डब्यातून खातात.

रविवार, ४ जानेवारी २००४

मोठी बातमी. एका सॉफ्टवेअर कंपनीनं योजना काढली आहे. देशभरातून चौदा वर्षांखालच्या पाच मुली घेणार. बंगलोरला दोन वर्षं राहणं, शाळा, परदेशी प्रशिक्षक, आणि नंतर आशियातल्या ज्युनिअर स्पर्धा. प्रत्येक अकादमीनं ट्रायल घ्यायची आणि ट्रायल जिंकणारीचं एकच नाव पाठवायचं. जन्म १ जानेवारी १९९० नंतरचा हवा.

आमच्या काळी असं काही असतं तर! जाऊ दे.

दीपमाला बसते. नोव्हेंबर नव्वद. तनुजा पाच महिन्यांनी हुकते. हिंदुरावांना हे कसं सांगायचं याचा दिवसभर विचार करत होते. शेवटी फोनवर सांगून टाकलं. ते एवढंच म्हणाले, "बरं, बघतो."

शुक्रवार, ९ जानेवारी

हिंदुराव सकाळी कागद घेऊन आले. तनुजाचा जन्मदाखला, गावच्या दप्तरातून नव्यानं काढलेला. जन्मतारीख २७ जुलै १९९०.

"जुन्यात चूक व्हती. दुरुस्त करून आनली," म्हणाले.

मी कागद उलटसुलट करून पाहिला. शिक्का, सही, सगळं जागच्या जागी. सरकारी कागदावर शंका घेणारी मी कोण? एका आकड्याची चूक कारकुनाच्या हातून सहज होते. चोवीस वर्षं टायपिंग केलेल्या बाईला हे कुणी सांगायला नको. आणि मुली तर सगळ्याच अकादम्या अशा पाठवतात, हे मला दोघा-तिघांनी आधीच सांगितलं होतं.

रविवारी ट्रायल. तनुजा आणि दीपमाला. दोघींना समान संधी, म्हणजे कुणी बोट दाखवायला नको.

रविवार, ११ जानेवारी

दीपमाला जिंकली. ६-४, ६-३.

बघायला फारसं कुणी नव्हतं. सोसायटीतल्या मुलींची आज शाळेची सहल. कोंडीराम पाळीवर होता. हिंदुराव आले आणि दुसऱ्या सेटच्या मध्येच निघून गेले. गुण मीच मोजले. शेवटचा पॉइंट झाल्यावर तनुजानं नेटशी येऊन दीपमालाला मिठी मारली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "मॅडम, ही जाणार ना आता बंगलोरला?"

मी म्हटलं, "बघू. अजून बऱ्याच गोष्टी असतात."

बुधवार, १४ जानेवारी

तीन दिवस शांतपणे विचार केला. एका सामन्यावरून काही ठरत नाही. डावखुऱ्या खेळाडूंचा पहिल्यांदा त्रास होतोच, त्यात गुणवत्तेचा भाग किती हे सांगता येत नाही. तनुजाची उंची, सर्व्हिस, आहार, घरचं पाठबळ. परदेशी प्रशिक्षक हेच बघतात. दीपमालाला इंग्रजी येत नाही, ती तिथे बुजून जाईल. तिच्या भल्याचाही विचार करायला हवा. शिवाय अकादमी टिकली तर दीपमालासारख्या आणखी दहा जणींना शिकवता येईल. कोर्टंच राहिली नाहीत तर कुणाला काय शिकवणार?

फॉर्म भरला. ‘ट्रायलचा निकाल’ असा रकाना होता. तोही भरला. खाली पालकांची सही, त्याखाली माझी.

दीपमालाला बाजूला घेऊन सांगितलं, "या वेळी तनुजा. तू लहान आहेस, तुला अजून वर्ष आहे." तिनं मान हलवली. रडली नाही. मला वाटलं होतं रडेल.

शनिवार, १७ जानेवारी

कोंडीराम पाळी संपवून आला. अंगाला लोखंडाचा वास. भांडायला आला असेल म्हणून मी मनाची तयारी केली होती, पण तो कोर्टाबाहेर चपला काढून उभा राहिला.

"मॅडम, पोरगी म्हणते मी जिंकली. मी म्हटलं, मॅडमले जास्त समजते."

"जिंकणं-हरणं एवढंच नसतं, कोंडीराम. सगळं बघावं लागतं."

"बरोबर हाये जी. मंग पुढच्या वर्षी तिचं नक्की ना?"

"पुढच्या वर्षी नक्की."

तो चपलांकडे वळला आणि पुन्हा फिरून म्हणाला, "मी त्या योजनेचा कागद वाचून घेतला आमच्या सायबाकडून. यंदा नव्वदच्या पोरी घेतल्या. पुढच्या वर्षी एक्क्याण्णवच्या घेतील ना? आमची तं नोव्हेंबर नव्वदची हाये."

मला हे सुचलं नव्हतं. खरंच सुचलं नव्हतं. मी म्हटलं, नियम बदलत असतात. त्यानं पुन्हा हात जोडले आणि चपला घालून गेला. माणसं कृतज्ञ असली की बोलणं सोपं जातं.

सोमवार, २६ जानेवारी

तिसऱ्या कोर्टासाठी दोन ट्रक लाल माती येऊन पडली. हिंदुराव शब्दाचे पक्के.

तनुजाला बंगलोरसाठी तयार करायचं आहे. दीपमालाला रोज दोन तास तिच्यासमोर उभं केलं आहे. डावखुऱ्या सर्व्हिसची सवय व्हायला हवी. दीपमालालाही आपोआप सराव होतो. तिच्या बॅकहँडकडे सध्या बघायला वेळ मिळत नाही, नंतर बघू.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

दीपमाला यायची बंद झाली. तनुजाला म्हणे तिनं सांगितलं, "पहाटेची बस जमत नाही." सात महिने जमली, ती आता जमत नाही. अशा मुलांना फुकट शिकवलं की किंमत राहत नाही, हे मला लोकांनी आधीच सांगितलं होतं.

तनुजाचं लक्ष नाही. आज सरळ म्हणाली, "मला दीपमाला पाहिजे समोर. नाहीतर मी नाही खेळत." तिला समजावून सांगितलं.

रविवार, १८ एप्रिल

पाच जणींत तनुजाची निवड झाली, आज ती बंगलोरला गेली. स्टेशनवर पन्नास माणसं, हार, बँड. हिंदुरावांनी मला पुढे ओढून फोटोत घेतलं. पेपरात येईल म्हणाले. तनुजा खिडकीशी बसून होती. मी म्हटलं, मजेत राहा, खूप खेळ. ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही दीपमालाकडे एकदा जाऊन याल का?"

गाडी सुटायच्या वेळी असलं काही विचारतात का?

गुरुवार, २९ एप्रिल

दुपारी बंगलोरहून फोन आला. सगळं उलटं झालं.

जूनमध्ये पाचही मुलींना स्पर्धेसाठी थायलंडला न्यायचं होतं. पासपोर्ट आहे का म्हणून विचारलं, तर तनुजानं बॅगेतून काढून दिला. सिंगापूरच्या सहलीच्या वेळी काढलेला. त्यावर जन्मतारीख २७ जुलै १९८९. तिला फॉर्मवरची तारीख कुणी सांगितलीच नव्हती. ती काय लपवणार!

तिला तिथल्या तिथे काढून टाकलं. हिंदुराव आणायला गेले आहेत. सहलीचा पासपोर्ट घरात आहे हे बापाला आठवू नये? एवढा व्यवहारी माणूस.

सोमवार, ३ मे

त्या सॉफ्टवेअर कंपनीतून चौकशीला एक तरुण आला. नाव अभिनव, गळ्यात ओळखपत्राची पट्टी, हातात फाइल. तिसऱ्या कोर्टाच्या मातीवर बसायला त्याला खुर्ची दिली.

"मॅम, आम्ही कुणाला ब्लेम करत नाही. फक्त रेकॉर्ड क्लिअर पाहिजे. एज इश्यू तुम्हाला माहीत होता का, एवढं लेटर द्या. माहीत नसेल तर मॅटर पालकांचं. अकादमीला काही होणार नाही."

"आणि ती रिकामी जागा?"

"तीच प्रॉब्लेम आहे. नियम असा की ट्रायल जिंकलेलीच मुलगी. तुमच्या फॉर्मवर तनुजा जिंकली, सहा-चार, सहा-तीन. हरलेलीचं नाव आम्ही नाही घेऊ शकत. जूनएंडपर्यंत काही नवीन आलं नाही तर सीट चेन्नईला जाईल." त्यानं फाइल मिटली. "बाय द वे, दुसरी प्लेयर कोण होती? स्कोअर क्लोज वाटतो."

मी म्हटलं, आहे एक. आता येत नाही.

रविवार, ९ मे

विश्रांतवाडीला गेले. आळंदी रस्त्यावर उतरून विचारत विचारत पोचले. सोसायटीतल्या तीन मुली उन्हाळ्याच्या शिबिराला दुसरीकडे गेल्या आहेत, अकादमीत कुणी तरी खेळणारं हवं. दीपमालानं परत यावं एवढंच सांगायला गेले होते.

एकच खोली, पण लख्ख. कोंडीरामनं पंखा माझ्याकडे वळवला. त्याची बायको चहा करायला उठली. दीपमाला उंबऱ्यात बसून गहू निवडत होती. तीन महिन्यांत उंच झाली आहे. पायांत तनुजाचे बूट होते, आता कापूस न घालता बसले असावेत.

मी म्हटलं, "परत ये. फी नाही, काही नाही. तुझा बॅकहँड आपण नीट करू."

तिनं सूप बाजूला ठेवलं. "मॅडम, एक विचारू?"

"विचार की."

"त्या दिवशी मॅच कोण जिंकलं होतं?"

चहाच्या भांड्याचा आवाज थांबला.

"असं काय विचारतेस?" मी म्हटलं.

"तनुजा परवा आली होती. तिला बंगलोरला फॉर्मची झेरॉक्स दिली होती, ती दाखवली तिनं मला. त्यावर स्कोअर बरोबर आहे. नाव तेवढं चुकलंय."

मी म्हटलं, "सहा महिन्यांपूर्वीची गोष्ट. इतके सामने होतात, माझ्या लक्षात नाही." खरं तर चारच महिने झाले होते. तिनंही ते मोजलं असणार. पुन्हा गहू निवडायला लागली. कोंडीराम मला बसथांब्यापर्यंत सोडायला आला. बस आल्यावर त्यानं हात जोडले नाहीत. बस सुटल्यावर माझ्या लक्षात आलं.

मंगळवार, ११ मे

कंपनीला पत्र पाठवलं. वयाबाबत मला कोणतीही कल्पना नव्हती, पालकांनी सादर केलेल्या दाखल्यावर मी विश्वास ठेवला. आणि ते खरंच आहे. दाखला मी काढला नव्हता. ट्रायलबद्दल पत्रात काही लिहिलं नाही, कारण कुणी विचारलं नव्हतं.

शनिवार, २२ मे

हिंदुराव आले. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

"बाई, तुमी लिवलं म्हनं, मला काय ठाव न्हवतं."

मी म्हटलं, "दाखला तुम्हीच आणलात."

"आनला. माझी चूक हाय, मी कंपनीच्या पोराला तोंडावर सांगितलं. पर तुमी माझ्या पोरीच्या वाढदिवसाचा केक खाल्ला व्हता. चौदा मेणबत्त्या व्हत्या त्यावर. आनि नाव बदला म्हनून तर म्या सांगितलं न्हवतं. म्या वयाचं खोटं केलं, तुमी खेळाचं केलं."

मी म्हटलं, जागेच्या दडपणाखाली माणूस काय करणार?

"जागा मागितली व्हती का म्या कधी? एकदा तरी?"

विचार केला, तर खरंच मागितली नव्हती. बिल्डर येऊन गेला, एवढंच सांगितलं होतं. पण सांगायचं तरी कशाला? माणसं बोलत नाहीत तेच जास्त बोलतात.

जाता जाता म्हणाले, "तनुजानं कंपनीला चिठ्ठी लिवलीया. इंग्रजीतनं. मॅच दीपमाला जिंकली, मी हरली, माझं नाव खोटं लिवलं, असं. खाली माझी बी सही घेतली. आता पोरगी तुमच्याकडं खेळायची न्हाई म्हनती. पाऊस पडायच्या आत सामान न्या."

एवढं शिकवलं त्या मुलीला. एक फोन करून मला विचारलं असतं तरी चाललं असतं.

रविवार, ६ जून

नेट आणि बॉलच्या टोपल्या आणायला टेम्पो घेऊन गेले. फाटकापाशीच आवाज आला. पहिल्या कोर्टावर दोघी खेळत होत्या, तनुजा आणि दीपमाला. कंपनीनं दीपमालाला टेस्टला बोलावलं आहे, येत्या शनिवारी. तनुजा तिला सराव देत होती. एकेका कोपऱ्यात बॉल टाकत होती, दमली की गुडघ्यांवर हात ठेवून उभी राहत होती, पुन्हा टाकत होती. चार महिने दीपमालाच्या हातात रॅकेट नव्हती, ते दिसत होतं. खांदा आखडला होता. बॅकहँडला कोपर अंगाजवळ येत होतं.

मी जाळीजवळ जाऊन म्हटलं, "कोपर लांब ठेव."

दोघी थांबल्या. तनुजानं बॉल खिशात घातला. दीपमाला बेसलाइनवर पाठमोरी उभी राहिली. रागानं कुणी पाहिलं नाही. मी जाईपर्यंत थांबल्या, एवढंच.

टेम्पोवाल्याला म्हटलं, टोपल्या घे. नेट राहू दे.

गाडीत बसल्यावर खेळण्याचा आवाज पुन्हा सुरू झाला. कोपर तसंच येत असणार. तिला ते कुणी सांगितलं पाहिजे. तनुजाला ते दिसत नाही, तिच्या स्वतःच्याच बॅकहँडला तीच खोड आहे.

रविवार, २७ जून

दुपारी दारावरची बेल वाजली. कोंडीराम. स्वच्छ शर्ट, हातात प्लास्टिकच्या पिशवीत कागद. दोन मजले चढून आला होता. आत यायला सांगितलं तर उंबऱ्याच्या आत पाऊलभर आला आणि उभाच राहिला.

"पोरीचं झालं मॅडम. बंगलोरचं. परवा निघायचं हाये."

मी म्हटलं, वा. बसा, पाणी देते. पाणी त्यानं उभ्यानंच प्यायलं.

"सतरा पोरी होत्या टेस्टला. पह्यले दोन दिवस तं काही खरं नव्हतं. तिसऱ्या दिवशी हात सुटला तिचा." त्यानं पिशवीतून कागद काढला. "याच्यावर आधीच्या प्रशिक्षकाची सही लागते. मी त्या सायबाले म्हटलं, नसली तं नाही चालत का? तो म्हणाला, नाही, नियम हाये."

मी चष्मा लावला, टेबलाशी बसले. मुलीचं नाव, खेळायचा हात, दुखापती. हे सगळं मी पटापट भरलं. मग खाली ओळ होती, प्रशिक्षणाचा कालावधी, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत.

"खरं तेच लिहा जी," कोंडीराम म्हणाला. टोचून नाही. कागद बाद होऊ नये एवढीच काळजी त्याच्या आवाजात होती.

पहिली तारीख सोपी होती. २९ जून २००३. दुसरीपाशी पेन थांबलं. तो वाट बघत उभा होता. शेवटी मी लिहिलं, ११ जानेवारी २००४, आणि खाली सही केली.

त्यानं कागद हातात घेऊन बोटानं ओळ वाचली. "मॅडम, त्याच्यानंतर भी ती महिनाभर येत होती तुमच्याकडे. फेब्रुवारीपर्यंत."

"येत होती," मी म्हटलं. "मी तिला शिकवत नव्हते."

त्यानं कागदाची घडी केली, पिशवीत घातला, पिशवी शर्टाच्या आत ठेवली आणि जिना उतरून गेला.